कृष्णधवल छायाचित्रातील कुंकू

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून केळव्याची वाट धरली, की पानवेलींच्या आणि नारळीच्या वाड्या प्रवाशाची सोबत करू लागतात. आश्विन लागलेला असतो. पावसाने धुतलेले आकाश निळेशार झालेले असते आणि हळव्या भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात. ही वाट अखेर शीतलादेवीच्या देवळापाशी आणि त्यालगतच्या रामकुंडापाशी येऊन पोहोचते. पुढे थोड्याच अंतरावर सुरूचे बन व त्यापलीकडे समुद्र. एरवी शांत असलेला हा परिसर नवरात्रात माणसांनी फुलून जातो. खणानारळाची ताटे, झेंडूच्या राशी, अबोलीच्या वेण्या, आणि या साऱ्यांतून दर्शनाच्या ओढीने पुढे सरकणारे वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली आणि मुंबईकर स्त्रीपुरुषांचे चेहरे!

या चेहऱ्यांच्या ओढीनेच आम्ही खांद्याला कॅमेरा अडकवून तेथे जात आलो. उत्सवातल्या माणसांचे, त्यांना सावध न करता, उघड्यावरच्या उजेडात कृष्णधवल छायाचित्र कसे घ्यावे, यासंबंधी काही अनुभव येथे सांगावयाचे आहेत. त्यातील एक धडा आम्हांस केळव्यासच मिळाला. तो तंत्राचा होता की रीतीचा, हे अद्याप आम्हांस नीटसे सांगता येत नाही.

सहज मुद्रेचे मोल

"फोटो काढतो हं!" असे म्हटले की माणूस ताठ होतो, पदर सावरतो आणि चेहऱ्यावर एक ठरावीक भाव आणतो. स्टुडिओत ही गोष्ट शोभते. परंतु दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या मनुष्याच्या मुखावर जे क्षणभर उमटलेले असते, ते या सावधपणात विरून जाते. पायरीवर टेकून चपला शोधणारा वृद्ध, लेकराच्या कपाळाला अंगारा लावणारी माउली, ओटीचा नारळ पदरात घट्ट धरून उभी राहिलेली नवी सून, या मुद्रा मागून मिळत नाहीत; त्या दिसतात तेव्हाच टिपाव्या लागतात.

मात्र न सांगता टिपणे म्हणजे चोरून नेणे नव्हे. चित्र घेतल्यावर त्या व्यक्तीजवळ जावे, चित्र दाखवावे, परवानगी विचारावी, आणि मान नकारार्थी हलली तर तिच्या देखत ते पुसून टाकावे, हा नियम आम्ही पाळत आलो आहोत. गाभाऱ्याकडे व कुंडात स्नान करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नये, हे तर सांगावयासही नको.

यंत्राचा राखाडी न्याय

सहज मुद्रा टिपणाऱ्यास सर्वांत मोठा शत्रू भेटतो तो घाई. मुद्रा उमटते आणि मावळते, त्या अवधीत किती उजेड आत घ्यावा याचा हिशेब करावयास वेळ नसतो. म्हणून नवखा मनुष्य हा हिशेब यंत्रावर सोपवितो, आणि येथेच तो फसतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकास चेहरा कळत नाही, धोतर कळत नाही, वाळूही कळत नाही. समोरचे सारे दृश्य मिळून एक मध्यम राखाडी रंग आहे, असे तो मूलतः गृहीत धरतो. छायाचित्रकारांच्या परिभाषेत या राखाडीस अठरा टक्के परावर्तनाची राखाडी म्हणतात. म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी शंभरात अठरा भाग परत फेकणारी. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि मागे चकाकणारी वाळू असा एखादा आजोबा समोर आला, तर मापकास वाटते, उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो. टोपी राखाडी होते आणि टोपीखालचा सावळा चेहरा काजळीसारखा काळा पडतो. उलट काळ्या छत्रीखाली उभ्या असलेल्या गोऱ्या मुलीला तो अकारण पांढरीफटक करून ठेवतो. अलीकडचे काही कॅमेरे आणि मोबाइल चेहरा ओळखून सावरून घेतात खरे. परंतु मागे समुद्र चमकत असला की त्यांचीही गल्लत होतेच.

अमेरिकेतील अँसेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास प्रकाशाच्या पट्ट्यांची जी पद्धत बसविली, तिचे सार एवढेच, की दृश्यातील कोणती वस्तू किती उजळ दिसावी हे यंत्राने नव्हे, छायाचित्रकाराने ठरवावयाचे. त्या पद्धतीत गोरी त्वचा मध्यम राखाडीहून एक पायरी उजळ धरीत. आपल्याकडील गव्हाळ त्वचा बहुधा त्या मध्यम राखाडीच्या आसपासच असते आणि सावळी त्वचा तिच्याहून एक पायरी खाली. एक पायरी म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. परदेशी पुस्तकातील गोऱ्या चेहऱ्याचा आकडा केळव्याच्या उन्हात राबलेल्या चेहऱ्यास जसाच्या तसा लावला, तर उन्हाने दिलेला त्याचा सावळा तजेला पुसला जातो.

तळहाताचे माप

आम्ही यावर एक साधी युक्ती योजतो. माणसाचा वर्ण कोणताही असो, तळहात बहुधा मध्यम राखाडीहून सुमारे एक पायरी उजळ असतो. समोरच्या मंडळींवर जसा उजेड पडला आहे, तशाच उजेडात आपला तळहात धरावा, केवळ तळहातावरून प्रकाश मोजावा आणि मिळालेल्या मापाहून एक पायरी अधिक उजेड आत घ्यावा. हे माप कॅमेऱ्यात हाताने कायम करावे. मग पांढरी टोपी येवो वा काळी छत्री, माप बदलत नाही. कारण आपण वस्तू मोजलेली नसून तिच्यावर पडणारा उजेड मोजलेला असतो. यानंतर आकड्यांकडे न पाहता चेहऱ्यांकडे पाहावे.

ज्यांस हाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग संवेदनक्षमतेच्या आकड्याइतका धरावा. संवेदनक्षमता १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा कॅमेऱ्यावर त्याच्या जवळचा जो आकडा असेल तो. सुरूच्या बनाच्या कडेला, जेथे डोक्यावर सावली पण समोर मोकळे आकाश असते, तेथे उजेड सुमारे तीन पायऱ्यांनी उतरतो. मग छिद्र ५.६ करावे. चेहऱ्यासाठी हीच जागा उत्तम. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि नाकाची सावली ओठांवर पडते. सावलीच्या कडेस मात्र समुद्रावरून येणारा मऊ उजेड सबंध चेहरा भरून टाकतो.

फिल्म वापरणाऱ्यांचा दंडक असा होता, की सावलीतला तपशील जपून उजेड घ्यावा, कारण जो भाग फिल्मवर उमटलाच नाही तो पुढे कशानेही परत येत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात नेमके उलटे आहे. तेथे अति उजळून कोरा झालेला भाग कायमचा जातो आणि काळोखातून मात्र पुष्कळ काही वर काढता येते. म्हणून चेहऱ्याचे माप घेतल्यावर कपाळावरील घामाची चमक कोरी होत नाही ना, एवढे अवश्य पाहावे.

उत्सवात आणखी एक फसवणूक होते, ती मांडवाची. लाल कापडाच्या मांडवाखाली सर्वांचे चेहरे लालीने माखतात. कॅमेरा एकूण उजेडाचे माप ठीक दाखवितो, परंतु आत लाल रंगाचा हिस्सा केव्हाच काठोकाठ भरून वाहू लागलेला असतो. पुढे चित्र कृष्णधवल केले की रंगाचा दोष झाकला जाईल, असे वाटते. पण भरून वाहिलेल्या लालीत गालाची गोलाईच नाहीशी झालेली असते. अशा वेळी पायरीभर उजेड कमी घ्यावा, किंवा मांडवाबाहेर थांबावे. माणसे बाहेर येणारच असतात.

रंग जातो तेव्हा

आता मुख्य प्रश्न असा, की नवरात्रासारख्या रंगांच्या उत्सवात कृष्णधवलाचा हट्ट कशासाठी? हल्ली तर दर दिवसाचा रंग ठरलेला असतो आणि त्या त्या रंगाच्या साड्या नेसून स्त्रियांचे मेळे दर्शनास येतात. आमचे उत्तर असे, की रंग डोळ्यास आधी वस्त्राकडे नेतो. तो काढून घेतला की डोळा मुद्रेवर स्थिरावतो.

परंतु रंग काढून घेणे म्हणजे नुसते पुसणे नव्हे. प्रत्येक रंगाचे राखाडीत भाषांतर करावे लागते, आणि हे भाषांतर कसे करावे हे जुन्या काळी रसायन ठरवीत असे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. त्या काळातील काचांना केवळ निळा-जांभळा उजेड दिसे. लाल रंग त्यांच्या लेखी अंधार होता. साहजिकच कपाळावरील कुंकू काळेभोर उमटे आणि सावळी त्वचा अधिकच सावळी होई. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचांना इतर रंग दाखविण्याचा मार्ग शोधला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंग पाहणाऱ्या काचा बाजारात आल्या. तेव्हापासून भिंगावर रंगीत काच चढवून भाषांतर बदलण्याची सोय झाली. तांबडी काच लावली की आकाश गडद व त्वचा गोरी दिसे. पिवळसर हिरवी काच लावली की चेहऱ्याचा वर्ण स्वाभाविक येई.

आज तेच काम संगणकावर होते. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात, शून्य ते २५५ या मापातील. समजा, गव्हाळ कपाळाचे आकडे अनुक्रमे १७०, १२० व ९५ आहेत आणि कुंकवाचे १९०, ३० व ४०. या तिन्हींचे मिश्रण करण्याचे एक रूढ प्रमाण आहे: शंभरात लाल सुमारे ३०, हिरवा ५९ आणि निळा ११, मानवी डोळ्यास हे रंग जितके उजळ भासतात त्यास अनुसरून ते ठरले आहे. या प्रमाणाने कपाळ १३२ आणि कुंकू ७९ होते, म्हणजे कुंकू स्पष्ट दिसते. केवळ हिरवा आकडा घेतला तर कपाळ १२० व कुंकू ३०, म्हणजे जुन्या काचांप्रमाणे काळेभोर. आणि केवळ लाल आकडा घेतला तर कपाळ १७० व कुंकू १९०. या दोहोंत फरकच उरत नाही. कुंकू कपाळात विरघळून जाते!

लाल आकड्याचा मोह मात्र मोठा असतो. त्यात त्वचा उजळते, डाग-सुरकुत्या मावळतात, चेहरा दहा वर्षांनी तरुण होतो. हिरव्यात व निळ्यात उलट प्रत्येक डाग, प्रत्येक रेषा पुढे येते. याच मोहाने आम्हांस केळव्यास धडा दिला.

देवीचे वण

शीतलादेवी ही शीतलता देणारी देवता. ज्या आजारास आपण 'देवी' म्हणत आलो, त्याच्या तापातून तिने लेकरे तारावीत म्हणून पिढ्यान् पिढ्या आयांनी तिला नवस केले. एडवर्ड जेन्नर यांनी लशीचा प्रयोग केला तो १७९६ साली. आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. तरीही हा रोग भारतातून नाहीसा होण्यास १९७५ साल उजाडले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सबंध जग मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या मोहिमेतील कार्यकर्ते गावोगाव मुलांच्या चेहऱ्यांवरील वण पाहत आणि कोणत्या वयाखालील मुले निर्व्रण आहेत यावरून तेथून रोग केव्हा गेला हे ताडीत. चेहरा हाच दाखला होता. १९७५ नंतर भारतात जन्मलेल्या माणसाच्या मुखावर हे वण पडण्याचे कारण उरलेले नाही. आज जे वण दिसतात, ते त्या पिढीबरोबरच जगातून जाणार आहेत.

२०१८ सालच्या नवरात्रातील गोष्ट. तिसऱ्या प्रहरी सुरूच्या बनाच्या कडेला एक आजी वेण्या विकत बसल्या होत्या; शेजारी त्यांचे यजमान फुले निवडीत होते. समुद्राकडून आलेले तिरपे ऊन सुरूच्या बुंध्यांमधून आजींच्या डाव्या गालावर पडले होते. त्या गालावर देवीचे वण होते, कपाळावर रुपयाएवढे कुंकू होते, आणि त्या दोरा दातांत धरून वेणीची गाठ मारीत होत्या. तळहाताचे माप आधीच घेऊन ठेवलेले होते. आम्ही चित्र घेतले. दाखविले तेव्हा आजी हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या साली आणून द्या हो भाऊ. सगळे काढतात, आणून कोणी देत नाही."

घरी आम्ही त्या चित्राच्या दोन प्रती केल्या. एक लाल आकड्याची. वण जवळजवळ मावळले, चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. जुन्या स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून वणांचे खळगे बुजवीत. तेच काम येथे एका क्षणात झाले. आजींना हीच आवडेल, अशी आमची खात्री होती. दुसरी प्रत हिरव्या आकड्याची. तीत तिरप्या उन्हाने कोरलेला एकेक वण उठून दिसत होता. ही प्रत आम्ही आमच्या संग्रहासाठी, खरे सांगावयाचे तर चार छायाचित्रकारांची शाबासकी मिळावी म्हणून केली होती.

दोन प्रती आणि तिसरी

२०१९ च्या नवरात्रात आम्ही गेलो. आजी त्याच जागी होत्या. पहिली प्रत त्यांनी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि चित्रातल्या कपाळावरून अंगठा फिरविला.

"भाऊ, कुंकू कुठं गेलं माझं?"

आम्ही चित्राकडे पाहिले. वणांच्या नादात ते आमच्या ध्यानातच आले नव्हते. कपाळ कोरे होते. शेजारी यजमान बसलेले असताना आम्ही त्या सुवासिनीच्या हाती तिचेच कुंकू पुसलेले चित्र दिले होते, आणि तेही देवीच्या दारात! लाल रंग, त्याचे आकडे, असे काही आम्ही सांगू लागलो; पण अर्ध्यावरच थांबलो. यजमानांनी ते चित्र आजींच्या हातून घेतले आणि काही न बोलता फुलांच्या टोपलीवर पालथे ठेवले.

मग संकोचानेच आम्ही पाकिटातून दुसरी प्रत काढली. तीत कुंकू ठसठशीत होते. आजींनी ती बराच वेळ पाहिली. नंतर नाकाशेजारच्या एका वणावर बोट ठेवून म्हणाल्या, "धाकटीला पण हितंच होता. दोघी एकदम पडलो आम्ही. ती नाही उठली."

आम्ही काय बोलणार? जे वण झाकणे म्हणजे त्यांच्यावर उपकार, असे आम्ही समजत होतो, ते त्यांच्या बहिणीची एकुलती आठवण निघाले. त्या बहिणीचा फोटो कधी कोणी काढला असेल, असे वाटत नाही.

थोड्या वेळाने आजींनी चित्र परत दिले आणि हसून म्हणाल्या, "पण एवढी काळी नाही हो मी!"

हेही खरेच होते. हिरव्या आकड्याने वणांबरोबर त्वचाही काळवंडली होती. पहिल्या प्रतीत आम्ही त्यांची खुशामत केली होती आणि दुसरीत आमच्या कलेचा दिमाख मिरविला होता. दोहोंत आजी स्वतः कोठे होत्या?

आम्ही तिसरी प्रत केली. लाल ३०, हिरवा ६० आणि निळा १०; म्हणजे पुष्कळ भटकून डोळ्याच्या स्वाभाविक प्रमाणाशीच परत आलो. चेहऱ्याचा मधला उजेड अर्धी पायरी वर घेतला. कुंकू ठळक राहिले, वण होते तसे राहिले, आणि आजींचा वर्ण उन्हात आम्ही पाहिला होता तसा उतरला. काच बसवून ती प्रत आम्ही दसऱ्यापूर्वी पोहोचती केली. आजींनी पैसे विचारले, आम्ही नको म्हणालो, तेव्हा त्यांनी अबोलीची एक वेणी कागदात गुंडाळून दिली. "घरात द्या," म्हणाल्या.

या नवरात्रातही पुष्कळ वाचक कॅमेरा वा मोबाइल घेऊन देवीच्या दारी जातील. चित्र कृष्णधवल करण्यास आता बोट टेकविण्याचाच अवकाश असतो. त्यांस आमची एवढीच विनंती, की उजेड मोजावयाचा तो चेहऱ्यासाठी मोजावा. आणि रंग काढून घेतल्यावर पाठविण्यापूर्वी एकवार कपाळाकडे पाहावे, गालाकडे पाहावे, आणि त्या व्यक्तीचे जे होते ते तिच्यापाशी राहिले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आणि चित्र पुढच्या साली नेऊन देण्याचे कबूल केले असेल, तर ते नेऊन द्यावे.